ही गल्ली तेव्हा कोणाची होती?

बेळगावात कपिलेश्वर उड्डाणपुलावरून शहापूरकडे उतरताना आपण सरहद्द ओलांडली असं आज कोणालाही वाटत नाही. महापालिका तीच, रिक्षाचं भाडं तेच, नळाला पाणी न आल्याची तक्रारही तीच. पण १९४८ पर्यंत एवढ्याशा अंतरात राज्य बदलत होतं. अलीकडे इंग्रजांचं बेळगाव, पलीकडे सांगलीकर पटवर्धनांचं शहापूर. दोन्हीकडची न्यायकचेरी वेगळी, दप्तर वेगळं आणि कारकूनही वेगळे.

शहापूरच्या सराफ गल्लीत किंवा कोरे गल्लीत पणजोबांनी घर बांधलं, एवढं ठाऊक असलेला माणूस त्यांचा शोध घ्यायला निघतो तेव्हा बहुतेकदा बेळगावच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो आणि हात हलवत परत येतो. मग घरात ठरतं, ‘जुनं काही शिल्लकच नाही.’ शिल्लक असतं. पण सांगली संस्थानात नोंदलेला माणूस इंग्रजी मुलखाच्या दप्तरात कसा सापडणार? सांगलीसह दक्षिण महाराष्ट्रातली पटवर्धनी संस्थानं कोल्हापूरच्या पोलिटिकल एजंटाच्या देखरेखीखाली होती. त्यामुळे शहापूरच्या माणसाचा माग कधी सांगलीत, कधी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, तर कधी मुंबईच्या अभिलेखागारात लागतो.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात पूर्वज शोधायला निघालेल्याने आडनावाआधी विचारायचा प्रश्न हाच: ती गल्ली, ते गाव त्या वर्षी कोणाच्या अमलाखाली होतं?

उत्तर सरळ मिळत नाही, कारण या भागाचा जुना नकाशा गोधडीसारखा होता. बेळगावचा किल्ला १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोने घेतला आणि आजूबाजूचा बराच मुलूख इंग्रजी झाला. निपाणीत मात्र सिद्धोजीराव निंबाळकर ऊर्फ आप्पा देसाई यांचा अंमल होता. १८३९ मध्ये ते वारले आणि जहागीर इंग्रजांनी आपल्याकडे घेतली. निपाणीहून वीसेक किलोमीटरवरचं कागल कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यातलं. रायबागही कोल्हापूरचंच, चहूबाजूंनी परक्या मुलखाने वेढलेलं. म्हणजे कागलहून निपाणीच्या बाजारात येऊन स्थायिक झालेला माणूस कागदोपत्री परदेशातून आलेला असायचा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका मागे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. चंदगडच्या एखाद्या गावचा १९३० चा कागद बेळगाव जिल्हा म्हणून लिहिलेला असतो आणि १९६० चा कोल्हापूर जिल्हा म्हणून. घर मात्र जागचं हललेलं नसतं.

तरीही माणसं हलत होतीच, आणि भरपूर. बेळगावच्या गल्ल्यांतली निम्मी आडनावं दुसरीकडचा पत्ता सांगतात. वेंगुर्ल्याच्या बंदरातून आंबोली घाट चढून व्यापारी यायचे. गोव्यातून सारस्वत घराणी पोर्तुगीज धर्मसत्तेच्या जाचापायी घाटावर सरकली, नंतर पेढ्या आणि दुकानं टाकायला आणखी आली. शहापूर-वडगावात विणकरांचे माग होते. इंग्रजी फौजेमागोमाग कँपात बाजारबुणगे आले. सुरुवातीच्या पलटणी मद्रासकडच्या, म्हणून त्यांच्यात तमिळ आणि तेलुगू बोलणारेही होते. १८८७ च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वे आली, लगोलग लोंढ्यावरून मुरगावकडे रूळ गेले, आणि घाट चढायला लागणारे दिवस तासांवर आले. त्यानंतर आलेल्यांची तर गणतीच नाही.

किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोचलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. त्याच गावी २६ वर्षं आधी, १८४३ मध्ये, संगीत नाटकाचे जनक बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. आडनाव मात्र घाटाखालच्या, मालवण तालुक्यातल्या किरलोसकडे बोट दाखवतं. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. मूळ गाव कोकणात, जन्म मलप्रभेकाठी, धंद्याची उमेदवारी बेळगावात, भरभराट औंधच्या माळावर. एका घराण्याचे चार मुक्काम आणि चार ठिकाणचे कागद. किर्लोस्करांवर पुस्तकं निघाली म्हणून हे सगळं आयतं हाती येतं. बाकीच्यांना हे मुक्काम स्वतः शोधावे लागतात.

असा शोध घेण्यात ज्यांनी हात बसवला आहे त्यांच्यात अमेरिकेतले स्वीडिश लोक येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं अमेरिकेत गेली. शिकागोतला अँडरसनव्हिल हा त्यांचा गाजलेला मोहल्ला. तिथे १९७६ पासून स्वीडिश-अमेरिकन संग्रहालय आहे. इलिनॉयमधल्याच रॉक आयलंड गावात ऑगस्टाना कॉलेजचं स्वेन्सन केंद्र याच कामासाठी चालतं. त्यांची अडचण आपल्यापेक्षा अवघड होती. अँडर्सचा मुलगा अँडरसन, त्या मुलाचं नाव योहान असेल तर नातू योहानसन, असा पिढीगणिक आडनाव बदलायचा रिवाज. आडनाव धरून गेलात तर शिकागोत हजारो अँडरसन भेटणार. म्हणून ते लोक आडनाव बाजूला ठेवतात आणि चर्च पकडतात. स्वीडनमध्ये गाव सोडताना पाद्र्याकडून दाखला घ्यावा लागे, आणि शिकागोच्या स्वीडिश चर्चच्या वहीत माणूस मूळच्या कोणत्या पॅरिशचा याची नोंद होई. पॅरिश कळली की काम निम्मं झालं. कारण तिथला पाद्री घरोघर जाऊन माणसांची नावं, जन्मतारखा आणि बदल्या वहीत टिपून ठेवत असे.

शिवाय त्यांना जनगणनेचा आधार आहे. अमेरिकेत ७२ वर्षं उलटली की जनगणनेचे मूळ तक्ते नावानिशी खुले होतात. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. आपल्याकडे दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, प्रगणकाने नावंही लिहून घेतली, पण छापून आले ते फक्त आकडे. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठरते. तेव्हा १९०१ मध्ये खडेबाजारात कोण राहत होतं हे जनगणनेला विचारून उपयोग नाही. अमुक वस्तीत माणसं किती, एवढंच ती सांगेल.

मग आपल्याकडे गाव सोडल्याचा दाखला कुठे मिळतो?

सर्वात हाताशी असलेली जागा म्हणजे शाळा. जुन्या मराठी शाळांची जनरल रजिस्टरं हा सीमाभागातला फार मोठा आणि फार दुर्लक्षित ऐवज आहे. एकेका ओळीत विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचं कारण. लोक रजिस्टर उघडतात ते जातीच्या दाखल्यासाठी. त्या एका रकान्याची नक्कल घेतात आणि वही मिटतात. शोध घेणाऱ्याच्या कामाचा रकाना शेजारचा, ‘पूर्वीची शाळा’. तिथे सावंतवाडी किंवा आजरा असं लिहिलेलं असेल तर कुटुंब कुठून आणि साधारण कोणत्या वर्षी आलं, हे दोन्ही कळतं. जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. जून महिन्याच्या आरंभी जन्मलेली मुलं आपल्या शाळांत संशयास्पद प्रमाणात भेटतात.

दुसरी जागा घराच्या आणि जमिनीच्या कागदांची. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली. त्यामुळे मालक मेला की वारसांची नावं फेरफाराच्या वहीत चढू लागली. शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड एकाखाली एक धारकांची नावं दाखवतं. शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं सक्तीचं, म्हणून तिथल्या नावांच्या आणि मिळकतींच्या सूचीत (घर घेताना आपण ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतो त्यात) जुन्या पिढ्या सापडतात. जुन्या खरेदीखतात घेणाऱ्या-देणाऱ्याचं नाव ‘राणू बिन सखाराम’ अशा रीतीने लिहिलेलं असतं. पुढे जात, धंदा, वय, ‘राहणार’ आणि चतुःसीमा. या चतुःसीमा वाचायला विसरू नये. पूर्वेस कोणाचं घर, दक्षिणेस कोणाचा परडा, हे वाचलं की शंभर वर्षांपूर्वीची सगळी गल्ली उभी राहते. शेजारी बहुधा भाऊबंद किंवा एकाच गावाहून आलेले असायचे. आपल्या माणसाचं मूळ गाव लागत नसेल तर शेजाऱ्याचं शोधावं.

मोडी येत नसेल तर मात्र इथेच थांबावं लागतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पुष्कळ दस्त मोडीत लिहिले जात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली दप्तरं उघडली गेली. हेतू आरक्षणाचा होता, पण त्या निमित्ताने शेकडो घरांना खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा कळलं. सीमेच्या कर्नाटकातल्या बाजूला आणखी एक पायरी चढावी लागते. १९५६ नंतरच्या नोंदी हळूहळू कन्नडमध्ये होत गेल्या. मोडीतला एक माणूस, बाळबोधेतला दुसरा आणि कन्नडमधला तिसरा, हे तिघे एकच, असं बऱ्याचदा शेतसर्व्हे नंबरावरूनच ओळखावं लागतं.

इनामदार, देसाई, कुलकर्णी, पाटील यांच्या घराण्यांना एक वेगळी सोय आहे आणि ती त्यांना इंग्रजांच्या जाचाने मिळाली. १८५२ च्या कायद्याने आलेल्या इनाम कमिशनने इनामदारांना पुरावा मागितला. इनाम कोणी दिलं, केव्हा दिलं, तेव्हापासून वारस कोण कोण? ज्यांना इनाम टिकवायचं होतं त्यांनी कैफियतींबरोबर वंशावळी लिहून दिल्या. हे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. अर्थात इनाम वाचवण्यासाठी दिलेली वंशावळ ही अर्जदाराच्या सोयीची असते. एखादा भाऊ, एखादी दत्तक शाखा तिच्यात नेमकी गळलेली असते. कोर्टात भांडण लागलं असेल तर मात्र ती बिनचूक असण्याचा संभव जास्त, कारण समोरचा पक्ष चुका शोधायलाच बसलेला असे.

ज्यांच्याकडे इनाम नव्हतं, घराचा उतारा नव्हता, त्यांचं काय? त्यांच्या वंशावळी सांभाळल्या त्या हेळव्यांनी. नंदीबैल घेऊन फिरणारी ही जमात बेळगाव, विजापूरपासून कोल्हापूर, सांगलीपर्यंतची गावं वाटून घेते. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत तिचं नाव आहे. सुगी झाली की हेळवी दारात येतो, घराण्याचा मूळपुरुष कोण, कोणत्या गावाहून आला, कुलदैवत कोणतं, इथपासून यजमानाच्या थोरल्या मुलापर्यंत सगळं धडाधड म्हणून दाखवतो, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवतो आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या घराकडे वळतो. शहरात फ्लॅटमध्ये गेलेल्या यजमानांना तो सापडत नाही आणि त्याला यजमान सापडत नाहीत. गावी राहिलेल्या चुलत्याकडे तो अजून येतो का, हे आधी विचारावं. हेळव्याच्या सांगण्यातली अलीकडची पाच-सात पिढ्यांची साखळी कागदांशी ताडून पाहिली तर उपयोगी पडते. त्यापलीकडे बरीच घराणी थेट राजस्थानात किंवा एखाद्या पुराणपुरुषापाशी पोचतात. तिथे यजमानाला खूश करण्याचा भाग किती, हे ज्याने त्याने ओळखावं.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या याहून भरवशाच्या, कारण त्यांत पूर्वजांनी स्वहस्ते लिहिलेलं असतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथे गेलेला माणूस उपाध्यायाच्या वहीत बाप-आजाची नावं, भाऊ-मुलगे, मूळ गाव आणि ‘हल्ली मुक्काम’ लिहून सही करत असे. मूळ गाव अमुक, हल्ली मुक्काम शहापूर. स्वीडिश पाद्र्याच्या दाखल्याचं काम ही एक ओळ करते. वह्या जात आणि गाव यांच्या क्रमाने लावलेल्या असतात, म्हणून मूळ गावाचा अंदाज असेल तर तासाभरात पान निघतं. उपाध्याय नसला तरी वही असते. यूटातल्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म १९७० च्या दशकातच करायला घेतल्या होत्या. आपल्या तीर्थांच्या वह्यांचं असं काही व्हायला हवं, ते अजून पुरतं झालेलं नाही.

गोव्याहून आलेल्यांना देवस्थान हात देतं. बेळगावात चार-सहा पिढ्या काढलेल्या कुटुंबाचा कुळावी देव मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळ्याला असतो आणि त्या देवस्थानाचे महाजन कोण याच्या याद्या पोर्तुगीज अमदानीतच कायद्याने ठरवलेल्या आहेत. त्यासाठीचं माझानिया रेग्युलामेंत १९३३ चं. घाटावर गेलेल्या शाखेचं नाव यादीत नसेल, पण मागे राहिलेल्या भावाचं असू शकतं. कँपातल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या मिळतात. गोव्यातल्या बऱ्याच जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे आहेत, आणि १९१४ पासून तिथे नागरी नोंदणीही सक्तीची होती. प्रोटेस्टंट कुटुंबांचा माग याहून लांब जातो. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर आले, १९०४ मध्ये हे काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेलं. म्हणून आजोबांच्या आजोबांचं नाव लंडनच्या सोआस ग्रंथालयातल्या एखाद्या पत्रात असतं आणि आजोबांचं अमेरिकेतल्या मेथडिस्ट दप्तरात.

उलट दिशेने येणारेही आहेत. कँपातल्या सेंट मेरीज चर्चच्या आवारात आणि जुन्या दफनभूमीत इंग्लंडहून आलेली मंडळी खापरपणजीची कबर शोधताना दिसतात. त्यांचं काम सोपं असतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला दरसाल लंडनला जात, आणि त्या ब्रिटिश लायब्ररीत आज शाबूत आहेत.

पलटणीतल्या शिपायाचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रजांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा लिहिला गेला. राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. आयोगाच्या संकेतस्थळावर आता नावाने शोधता येतं, आणि काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही मिळतो. शोधताना रोमन लिपीतल्या सगळ्या वेड्यावाकड्या रूपांनी शोधावं. साहेबाच्या कारकुनाने ‘जाधव’ कसं लिहिलं असेल याचा नेम नाही.

या सगळ्या कागदांत एक माणूस सापडत नाही, ती म्हणजे बाई. कुलवृत्तांतांच्या जाडजूड ग्रंथांतही पुष्कळदा तिचं सासरचं नाव आणि कंसात माहेरचं आडनाव, एवढंच. खरेदीखतात ती ‘लक्ष्मी कोम राणू’, म्हणजे राणूची बायको. ती स्वतःच्या नावाने ठळक दिसते ती नवरा अकाली गेल्यावर. मुलं लहान असली की उताऱ्यावर ‘अज्ञान पालनकर्ती आई’ म्हणून तिचं नाव लागतं. प्लेगच्या वर्षांनंतरच्या उताऱ्यांत अशी नावं नजरेत भरतात. मुलींची नावं त्याहून उशिरा उगवतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला आणि भावांना बहिणींच्या सह्या घ्याव्या लागल्या. वाटा सोडून देण्यापुरतं का होईना, बहिणींचं नाव, वय आणि सासरचं गाव हक्कसोडपत्रात लिहिलं गेलं. आत्यांचा शोध घेणाऱ्याला याहून चांगला कागद मिळणं कठीण.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्यात आयुष्य घातलेल्या बायकांच्या नावावर ना घर, ना शेत. त्यांची पहिली सरकारी ओळख बहुतेकदा विडी कामगार म्हणून मिळालेलं कार्ड. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यानंतर ही ओळखपत्रं आली. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, पत्ता, फोटो. कित्येक घरांत आजीचा तो एकमेव फोटो आहे.

म्हणून शोधाला सुरुवात कचेरीपासून न करता घरातल्या सर्वात वयस्कर बाईपासून करावी. आईची आई कुठली, तिचं माहेरचं नाव काय, देवक कोणतं, घरातले लोक वर्षाला कोणत्या देवाला जायचे, मंगसुळीच्या खंडोबाला, चिंचलीच्या मायाक्काला की सौंदत्तीला? उत्तरं लगेच लिहून घ्यावीत आणि लिहिताना सांगणारीचं नाव आणि तारीखही टाकावी. त्यानंतर बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन १८८४ चं बेळगाव गॅझेटियर चाळावं. आपलं गाव तेव्हा कोणाच्या अमलात होतं ते तिथे कळतं, आणि पुढची वाट तिथून फुटते.

शहापुरात, निपाणीत, बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत सध्या वाडे झपाट्याने पाडले जात आहेत. माळ्यावरची ट्रंक बिल्डरच्या ट्रॅक्टरमध्ये जाते, आणि तिच्यातला मोडीचा गठ्ठा कोणाला वाचता येत नाही म्हणून रद्दीत. तुमच्या घरी असा गठ्ठा असेल तर तो वाचता यायची वाट बघू नका. उजेडात एकेक पान पसरून मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, प्रत्येकावर गावाचं आणि गल्लीचं नाव टाका, आणि ते दोन-तीन भावंडांकडे पाठवून ठेवा. वाचणारा नंतर मिळतो.